हवा बदलली की दुखते: फायब्रोमायल्जिया आणि आमवात यांतला फरक

मोसमी पाऊस सुरू झाला की ‘पाऊस लागला आणि दुखणे उठले’ ही तक्रार घराघरांत ऐकू येऊ लागते. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेल्या दुखण्याचा दीर्घकालीन आजार, असलेली स्त्री ही तक्रार करते, तशीच आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार असलेली स्त्रीही करते. दोघींची सकाळ आखडलेल्या अंगाने सुरू होते, दोघींना थकवा असतो आणि ढगाळ हवा दोघींनाही सोसत नाही. म्हणूनच एकीला दिलेला सल्ला दुसरीला सर्रास लागू केला जातो आणि त्यात दोघींचेही नुकसान होते, कारण एकीच्या दुखण्यात सांधा झिजत नाही, तर दुसरीच्या दुखण्यात तो झिजत असू शकतो.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. ते अस्तर सुजते, सांधा गरम लागतो आणि ही सूज वेळीच आटोक्यात आली नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडले जाते. रक्तातील सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे आकडे, बहुधा वाढलेले असतात. फायब्रोमायल्जियात यातले काहीच सापडत नाही. तिथे बदल झालेला असतो तो मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश ज्या रीतीने हाताळतात त्यात. साधा दाब, गार वारा, मोठा आवाज, अपुरी झोप या गोष्टीही शरीराला असह्य होऊ लागतात. १९९० च्या निकषांत शरीरावरील १८ ठरावीक बिंदू दाबून पाहात आणि त्यांपैकी किमान ११ दुखले तर निदान होत असे. २०१० पासून मात्र शरीराच्या किती भागांत दुखते याबरोबरच थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि विसराळूपणा यांची तीव्रता मोजली जाते, आणि हा त्रास किमान ३ महिने असावा लागतो. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य अशा रुग्णांनी वर्षानुवर्षे ऐकलेले असते. ते वाक्य चुकीचे आहे, आणि क्रूरही आहे. रक्त तपासून दिसत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

हवेचा दोष किती, हे पाहणे अवघड आहे, पण अभ्यास झालेले आहेत. मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २,६०० हून अधिक लोकांनी मोबाइलवर रोजचे दुखणे नोंदवले. त्यांत संधिवाताचे रुग्ण होते तसे फायब्रोमायल्जियाचेही होते. दमट, वादळी आणि कमी हवेच्या दाबाच्या दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता थोडी अधिक आढळली, थोडीच: एरवीच्या दिवशी १०० पैकी ५ जणांचे दुखणे वाढत असेल तर सर्वांत वाईट हवेच्या दिवशी ६ जणांचे. नेदरलँड्समध्ये फायब्रोमायल्जिया असलेल्या ३३३ स्त्रियांच्या २८ दिवसांच्या नोंदींत मात्र हवेचा एकसारखा परिणाम दिसला नाही. काही जणींना तो जाणवला, तोही सौम्य.

एकट्या हवेच्या दाबावर सगळे खापर फोडता येत नाही, हे पटण्यासाठी आपल्याकडचा घाट पुरेसा आहे. मुंबईहून पुण्याला येताना हवेचा दाब काही तासांत सुमारे ६० हेक्टोपास्कलने उतरतो, तर बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या मोसमी कमी दाबाच्या पट्ट्यामुळे होणारी घट सहसा याच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाची असते. केवळ दाबाने दुखणे उठत असते तर द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पुण्यात पोचेपर्यंत अंथरूण धरावे लागले असते. माझ्या मते पावसाळ्यात दुखणे वाढवणाऱ्या अधिक मोठ्या गोष्टी आपल्या दिनक्रमात असतात: सकाळचे फिरणे बंद पडते, ओल्या कपड्यांनिशी गार डब्यात किंवा वातानुकूलित कार्यालयात तासन्‌तास बसावे लागते, रात्री झोपमोड होते आणि ऊन न पाहिल्याने मनही मलूल होते. निफाडच्या डिसेंबरमधल्या थंडीत पाऊस नसतो, तरीही गारठ्याने स्नायू आखडून हेच चक्र सुरू होते.

आता दोन्ही आजारांतला फरक घरी कसा ओळखावा. सकाळी उठल्यावर मूठ वळून हाताच्या पाठीकडे पाहावे. निरोगी हातात बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची टोके वर आलेली दिसतात आणि त्यांच्यामध्ये स्पष्ट खळगे असतात. आमवातात सूज आली की हे खळगे भरून निघतात, मूठ पूर्ण वळत नाही, अंगठी किंवा बांगडी निघत नाही, आणि दोन्ही हातांच्या त्याच त्या सांध्यांत हे दिसते. फायब्रोमायल्जियात हात सुजल्यासारखे वाटतात, पण खळगे जागेवर असतात. दुखणे सांध्यांपुरते न राहता मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे पसरलेले असते आणि कोणी प्रेमाने पाठीवर हात ठेवला तरी कळ येते. आमवातातला आखडलेपणा बहुधा तासभर किंवा अधिक टिकतो आणि हालचालीने सुटतो. फायब्रोमायल्जियातही सकाळी अंग आखडते, त्यामुळे केवळ या एका खुणेवर निष्कर्ष काढू नये. अंगदुखीबरोबर ताप असेल तर या दोहोंचा विचार बाजूला ठेवून आधी डेंग्यू आणि चिकुनगुनियाची तपासणी करावी, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घेऊ नयेत.

फायब्रोमायल्जियाचे दुखणे हवेबरोबर उसळले तर सांध्याला इजा होत नसते, आणि हे माहीत असणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे, कारण भीतीने हालचाल थांबली की दुखणे वाढते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६-१७ मध्ये केलेल्या शिफारशींत व्यायाम या एकाच उपायाला ठाम पाठिंबा दिला आहे. बाहेर धो धो पाऊस असेल तर घरातल्या घरात किंवा इमारतीच्या व्हरांड्यात दहा-दहा मिनिटे चालावे. त्या दिवशी वेग कमी करावा, पण खंड पाडू नये. कोमट पाण्याने अंघोळ, गरम पिशवीचा शेक, कोरडे कपडे, गाडीत किंवा कार्यालयात गळ्याभोवती एखादी ओढणी आणि झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ यांचा उपयोग होतो. सर्वांत जास्त जपायचे ते उघडीप मिळालेल्या दिवशी. आठवडाभराने ऊन पडले की साठलेले धुणे, गोधड्या, कुबट वास येणारी कपाटे असे सगळे एकाच दिवशी उरकले जाते, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. तो दोष पुन्हा हवेवर जातो. निम्मे काम उद्यावर टाकणे हा आळस नसून उपचार आहे. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन ही औषधे काही रुग्णांना मदत करतात. स्टेरॉइडचा मात्र या आजारात उपयोग होत नाही.

आमवातात दिशा वेगळी असते. सुजलेल्या सांध्यावर जोर देऊन व्यायाम करू नये. त्याला आधार आणि विश्रांती द्यावी, बाकीचे सांधे हलते ठेवावेत. तापलेल्या सांध्याला गरम शेकापेक्षा गार शेक बऱ्याचदा अधिक मानवतो. ‘पाऊस संपला की उतरेल’ म्हणत दिवाळीची वाट पाहणे सर्वांत घातक, कारण हाडाची झीज आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. नवी सूज आठवडाभरात उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवावी. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. दुखणे वाढले म्हणून मनाने जादा गोळी घेणे जिवावर बेतू शकते.

दोन्ही आजार एकाच व्यक्तीला असणे दुर्मीळ नाही. आमवाताच्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाला फायब्रोमायल्जियाही असतो. अशा वेळी डॉक्टरांनी २८ सांधे तपासून काढलेला आमवाताच्या तीव्रतेचा आकडा फसवू शकतो, कारण त्यात दुखणाऱ्या सांध्यांची संख्या आणि रुग्णाने स्वतः सांगितलेली त्रासाची पातळी धरलेली असते, आणि ही दोन्ही फायब्रोमायल्जियामुळे फुगतात. मग प्रतिकारशक्ती दाबणारे औषध विनाकारण वाढते, तेही जंतुसंसर्गाच्या ऐन हंगामात. पावसाळ्यात दुखणे वाढल्यामुळे औषध बदलण्याची वेळ आली तर सुजलेले सांधे किती आणि नुसते दुखणारे किती, सीआरपी खरोखर वाढला आहे का, आणि शंका असल्यास सांध्याची सोनोग्राफी करता येईल का, हे तीन प्रश्न रुग्णाने आपणहून विचारावेत.