नाद, रूप आणि संबंध : स्पंदविचार

विश्वाच्या मुळाशी कंप आहे, पदार्थांचे आकार ही त्या कंपाचीच स्थिरावलेली रूपे आहेत आणि दोन वस्तूंमधला संबंध म्हणजे त्यांच्या कंपांचा मेळ, असे मानणारे तत्त्वचिंतन. हा कोणा एकाचा बांधीव सिद्धान्त नव्हे. शैव दर्शन, संगीतशास्त्र, सूफी विचार आणि ध्वनिविज्ञान अशा चार ठिकाणांहून त्यात भर पडत गेली. बडोद्याशी त्याचे नाते थेट आहे, कारण विसाव्या शतकात हा विचार पाश्चात्त्य देशांत नेणारे इनायत खाँ याच शहरातले.

काश्मीरच्या शैव परंपरेत नवव्या शतकात वसुगुप्त व कल्लट यांच्या नावांशी जोडलेली स्पंदशाखा उदयाला आली. तिथला स्पंद म्हणजे तार हलते तशी हालचाल नव्हे. तो चैतन्याचा आपणहून होणारा उन्मेष आहे. जागा न बदलता होणारा. आजच्या लिखाणात नेमका हाच फरक पुसला जातो आणि शैवांच्या तोंडी हर्ट्‌झची (सेकंदाला किती कंप, या मापाची) भाषा घातली जाते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने आहत (आघाताने निर्माण होणारा) आणि अनाहत (आघाताविना असणारा) असे नादाचे दोन प्रकार सांगून गायनाची चर्चा त्यावर उभी केली. मराठीत या विचाराच्या सर्वांत जवळ येतो तो ज्ञानेश्वरांचा चिद्विलास : जग हा भास नसून चैतन्याचाच विलास आहे आणि शिव-शक्ती ही एकाच तत्त्वाची दोन नावे आहेत. ज्ञानेश्वरांना मात्र यासाठी कंपाची गरज भासत नाही.

बडोद्यात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात, १८८६ साली संगीतज्ञ मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा सुरू झाली. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत विभागाची परंपरा तिच्यापासून मोजतात. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी याच घरात झाला. ध्रुपद आणि वीणा यांच्या तालमीत वाढलेले खाँसाहेब १९१० मध्ये अमेरिकेला गेले आणि पुढे युरोपात सूफी साधनेचे शिक्षण देत राहिले. ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. निःशब्द, निश्चल अवस्थेतून पहिली गती निघते, सूक्ष्म कंप स्थूल होत जाऊन वस्तुरूप घेतात आणि माणसामाणसांतली ओढ किंवा दुरावा हा सूर लागण्या-न लागण्याचा प्रकार आहे, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र. वाद्य लावणाऱ्याच्या हाताने केलेले हे तत्त्वज्ञान आहे. म्हणून त्याची पारखही वाद्यावरच करणे योग्य.

संबंधाची कसोटी तानपुऱ्यावर घेता येते. काळी एकच्या पट्टीत (जोडीचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्‌झ) जोडीच्या (मधल्या, षड्जात लावलेल्या) दोन्ही तारा तंतोतंत मिळवाव्यात. कागदाचा बारीक कपटा दुमडून एका तारेच्या मध्यावर ठेवावा आणि दुसरी तार छेडावी. कपटा थरथरतो, बहुधा पडतो. मग तारेत ओवलेला मणी किंचित सरकवून एक तार उतरवावी. दोहोंत २ हर्ट्‌झचा फरक पडला, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात आणि कपट्याची हालचाल मंदावते. आता कपटा खर्जाच्या (एक सप्तक खाली लावलेल्या) तारेच्या मध्यावर ठेवून जोडीची न उतरवलेली तार छेडली, तर तो जवळजवळ हलत नाही. इथे पुष्कळ जण प्रयोग फसला म्हणून सोडून देतात. खर्जाची तार प्रतिसाद देत असते, पण आपल्या मूळ कंपनसंख्येच्या दुपटीने, आणि त्या कंपात तिचा मध्य स्थिर राहतो. कपटा घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पाव लांबीवर सरकवला की तो नाचू लागतो. घोडीच्या जवळ छेडणे, घोडीवर तारेखाली घातलेले जवारीचे सूत ढिले असणे आणि बोट तारेला टेकलेले राहणे या नेहमीच्या चुका.

यातून दोन गोष्टी निघतात. मेळ कंपनसंख्या जुळल्यावरच होतो, हे इनायत खाँचे निरीक्षण खरे. पण ऊर्जा एका तारेतून दुसरीत जाते ती मुख्यतः घोडी व तबलीच्या (भोपळ्यावरच्या फळीच्या) लाकडातून. मार्गाशिवाय मेळ होत नाही. सर्व विश्व एकमेकांशी आपोआप जोडलेले आहे, हे विधान तानपुऱ्यावरून सिद्ध होत नाही.

रूपाची कसोटी जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्‌नी याने १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. २५ सेंमी बाजूचा, १ मिमी जाडीचा सपाट चौरस पितळी पत्रा घेऊन मध्यभागी भोक पाडावे व स्क्रूने भक्कम उभ्या दांड्यावर बसवावा. वर चाळलेली कोरडी वाळू विरळ पसरावी. सारंगीच्या गजाला राळ लावून तो पत्र्याच्या कडेवर उभा ओढावा. बाजूच्या मध्यावर बोट टेकवून कोपऱ्याशी गज ओढला, की वाळू अधिकचिन्हासारखी जमते. कोपऱ्यावर बोट ठेवून बाजूच्या मध्याशी ओढला, की दोन्ही कर्ण उमटतात आणि सूर चढतो. जिथे पत्रा हलत नाही तिथे वाळू साचते, बोट त्या जागा ठरवते. राळ कमी पडली तर गज घसरतो, पत्र्याला पोक असेल तर आकृती वाकडी होते आणि पावसाळ्यात दमट वाळू चिकटून बसते. वाळूऐवजी अगदी बारीक भुकटी घेतली तर ती उलट, जास्त हलणाऱ्या जागी गोळा होते. हवेच्या प्रवाहांमुळे हे घडते, असे इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले.

म्हणजे आकृती एकट्या नादाची नसते. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तीच आकृती दुप्पट कंपनसंख्येला मिळते, बाजू दुप्पट केली तर एक चतुर्थांशला. चौरसाऐवजी गोल तबकडी घेतली तर आकृत्याच बदलतात. ‘ॐ’ उच्चारला की श्रीयंत्र उमटते, अशी चित्रे घरोघरच्या मोबाइलवर फिरतात. ती पाहताना पत्रा किंवा पडदा कोणता, त्याची कड कशी बांधली आणि सूर कितीचा होता, एवढे विचारावे. उत्तर नसेल तर चित्र बाजूला ठेवावे. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ठरावीक ऊर्जापातळ्यांचे गणित या पत्र्याच्या गणिताशी नाते सांगते, हे खरेच. पण तिथे पत्र्यासारखी थरथरणारी कोणतीही वस्तू नसते.

या विचाराचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे ऊर्जेचा हिशेब. कंपाची ऊर्जा त्याच्या आवाक्याच्या (तार मध्यापासून किती दूर जाते त्या अंतराच्या) वर्गाच्या प्रमाणात बदलते : आवाका निम्मा झाला तर ऊर्जा चौथाई उरते. छेडलेल्या तारेची ऊर्जा थोडी हवेत ध्वनिरूपाने जाते, बाकीची तार, घोडी आणि लाकूड यांच्यातील घर्षणात उष्णता होऊन विरते. स्पंदविचारात कंप सूक्ष्मातून स्थूलात उतरतो, परंतु या विरण्याला त्यात जागाच नाही. आणि तानपुरा तर एकसारखा छेडत राहिल्याशिवाय वाजत नाही.