सामुदायिक तंत्रज्ञान केंद्र

ज्यांच्या घरी संगणक नाही, इंटरनेट नाही किंवा असूनही वापरता येत नाही, अशा लोकांना ही साधने आणि ती वापरायला शिकवणारा माणूस एकाच छताखाली मिळावा, म्हणून चालवलेली सामाईक जागा. ती ग्रामपंचायत चालवते, सहकारी संस्था चालवते, सरकार, ग्रंथालय किंवा स्वयंसेवी संस्थाही चालवते. टेलिसेंटर, ग्राम ज्ञान केंद्र, सूचनालय, डिजिटल सेवा केंद्र ही तिचीच वेगवेगळी नावे. सायबर कॅफेशी तिचे साम्य वरवरचे आहे. कॅफे तासाच्या भाड्याने यंत्र देतो. केंद्राकडून अपेक्षा असते ती ज्याला काहीच येत नाही त्याच्या शेजारी बसण्याची.

अशा केंद्रांचा ग्रामीण इतिहास सहसा स्वीडनमधील वेमदालेन या डोंगराळ, विरळ वस्तीच्या गावापासून सांगतात. तेथे १९८५ मध्ये पहिली ‘टेलिकॉटेज’ सुरू झाली. कामासाठी शहर गाठावे लागणाऱ्या माणसाला गावातच संगणक आणि दूरसंचार मिळावा, असा तिचा हेतू होता. हंगेरीत १९९४ मध्ये चाकबेरेन्य गावच्या ग्रंथालयात याच धर्तीचे केंद्र निघाले आणि तेथून ती कल्पना देशभर गेली. ‘सामुदायिक तंत्रज्ञान केंद्र’ हे नाव मात्र अमेरिकेतल्या चळवळीने रूढ केले आणि तिचा आरंभ शहरी होता : गणिताच्या शिक्षिका अँटोनिया स्टोन यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब वस्तीसाठी संगणक केंद्र उघडले.

भारतातील आरंभीच्या प्रयोगांत पुद्दुचेरीचा प्रयोग सर्वांत शिकवणारा आहे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये तो सुरू केला. विलियनूर येथील मुख्य केंद्रातून आसपासच्या गावांना माहिती जाई. दूरध्वनीच्या तारांचा भरवसा नव्हता म्हणून बिनतारी संच बसवले आणि विजेचा नव्हता म्हणून सौर पट्ट्या. गावाने जागा विनामूल्य द्यायची, पण ती जागा दलितांसह सर्वांना खुली हवी, असा दंडक होता. केंद्र सांभाळणाऱ्यांत गावातल्याच स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. वीरामपट्टिनम या मच्छीमार गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेत आणि ध्वनिक्षेपकावरून तमिळमध्ये सांगत. होडी समुद्रात लोटायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला संगणकाला हात लावण्याची गरजच उरली नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत नल्लवाडू गावाला परदेशातून फोनवर मिळालेली सूचना याच यंत्रणेच्या भोंग्यावरून दिली गेली आणि लोक वेळेत किनाऱ्यापासून दूर गेले. डिजिटल सोय म्हणजे प्रत्येकाच्या पुढ्यात एक पडदा, ही समजूत येथे अपुरी ठरते. शेवटच्या माणसापर्यंत माहिती पोचवणारा दुवा कर्णा असू शकतो, फळा असू शकतो, किंवा दारोदार जाणारी कार्यकर्तीही.

१९९८ मध्येच महाराष्ट्रात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणा प्रकल्प उभा राहिला. गावोगावच्या संगणक केंद्रांतून शेतकऱ्याला पीक, बाजारभाव, शिक्षण आणि शासकीय योजना यांची माहिती मिळावी, असे त्याचे मोठे स्वप्न होते. प्रत्यक्षात केंद्रे टिकली ती साखर कारखान्याच्या कामावर : ऊस कधी तुटणार, वजन किती भरले, बिल किती झाले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाइल संच आणि लघुसंदेश वापरून पाहिले, तर तेच काम अधिक स्वस्तात झाले. याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याने आपल्या गरजेचे तेवढे उचलले. योजनाकारांनी मात्र त्याच्या गरजेचा अंदाज त्याला न विचारता बांधला होता.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ आले. तेथील सूचनालयांतून तक्रारी, दाखले आणि मंडीचे भाव मिळू लागले. मात्र पलीकडच्या कार्यालयात तक्रार वाचणारा माणूस जागेवर नसेल, तर अलीकडचे केंद्र कितीही तत्पर असले तरी लोकांचे काम अडते, हेही तेथे दिसले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील ‘अक्षय’ची २००२ मधील कल्पना वेगळी होती : प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणक वापरता आला पाहिजे. ती मोहीम गाजली. पण प्रशिक्षणाची फेरी संपताच उत्पन्न आटले आणि अनेक केंद्रचालकांना दुकान बंद करावे लागले. तगलेली केंद्रे पुढे शासकीय सेवांकडे वळली. २००६ मध्ये केंद्र सरकारने देशभर एक लाख सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली तीही सेवांवरच उभी आहे. बांगलादेशात नोव्हेंबर २०१० मध्ये साडेचार हजारांहून अधिक युनियन परिषदांमध्ये, म्हणजे तेथील ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांमध्ये, केंद्रे सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी एक पुरुष आणि एक स्त्री अशी उद्योजकांची जोडी ठेवण्याचा तेथील नियम अनुकरणीय आहे. चालक पुरुष असलेल्या खोलीत मुली आणि बायका कमी येतात, हे अनेक देशांत आढळले आहे.

या केंद्रांची खरी अडचण पैशाची आहे, आणि ती यंत्रांच्या किमतीची नव्हे. अनुदानातून संगणक येतो. पण दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसते, प्रिंटर बिघडतो, जोडणीचे बिल थकते, आणि त्या खर्चाची तरतूद कुठेच केलेली नसते. चालकाला प्रत्येक व्यवहारामागे कमिशन मिळते. अर्ज स्वतः भरून दिला तर पाच मिनिटांत पैसे सुटतात. तोच अर्ज समोरच्या आजींना भरायला शिकवला तर तास जातो आणि हाती काही पडत नाही. म्हणून शिकवणे मागे पडते, आणि लोकांना स्वावलंबी करण्यासाठी काढलेले केंद्र नव्या मध्यस्थाचे ठाणे होऊन बसते. चालकाला दोष देऊन हे सुटणार नाही. शिकवण्याच्या वेळेचा मोबदला वेगळा दिला पाहिजे, जसा ग्रंथपालाला पुस्तकांच्या विक्रीवर नव्हे तर वाचकांच्या सेवेसाठी पगार मिळतो.

घरोघरी स्मार्टफोन आल्यावर केंद्रांचे प्रयोजन संपेल असे वाटत होते. तसे झाले नाही. लांबलचक अर्ज, कागदपत्रांचे स्कॅनिंग, छपाई, बोटांच्या ठशांची पडताळणी, नोकरीचा अर्ज, मोठ्या पडद्यावरचा अभ्यास यांसाठी लोक अजूनही येतात. घरातला एकमेव फोन बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो, त्यामुळे स्त्रिया आणि विद्यार्थी यांना सामाईक जागेचा आधार लागतोच. शेतमजुरी करून कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र नाकारते, तेव्हा दुसरा मार्ग माहीत असलेला माणूस समोर असावा लागतो.

दुसऱ्याच्या हातून व्यवहार करण्यात गुप्ततेचा प्रश्नही येतो. पासवर्ड चालकाच्या वहीत लिहिलेला असतो, ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला जातो, ओळखपत्राची प्रत संगणकात तशीच राहते. बँक, आजारपण किंवा घरातली मारहाण यांविषयी काही शोधायचे असेल तर भरल्या खोलीत ते कोणी करणार नाही. यावरचे उपाय साधे आहेत : आड लावलेला एक पडदा, पासवर्ड ज्याचा त्याने टंकण्याची सवय, संध्याकाळी फाइली पुसण्याचा नियम, प्रत्येक व्यवहाराची छापील पावती, आणि शुल्काचा फलक दारावर, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.