जमीन, पाण्याचा ताण आणि वाइनची द्राक्षे : पार्श्वभूमी

नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीवर माथ्याला काळा बेसाल्ट आहे, त्याखाली लमेटा नावाचे गाळाचे थर आणि तळाशी त्यांच्याहून कितीतरी जुना नीस हा रूपांतरित खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड याच परिसरात संपते. त्याच लाव्हाच्या पश्चिम भागात, जवळपास याच अक्षांशावर, नाशिकची वाइनची द्राक्षे पिकतात. खडक एक आणि अक्षांशात एक-दीड अंशाचाच फरक, तरी इकडे संत्रा आणि तिकडे सोव्हिन्यों ब्लां हे पांढऱ्या वाइनचे द्राक्ष, असे का झाले हे समजून घ्यायचे तर जमिनीचा आणि वाइनचा संबंध लोकांनी वेळोवेळी कसा लावला हे पाहावे लागते.

या संबंधाला फ्रेंच भाषेत तेर्वार म्हणतात. त्यात माती, उतार, ऊन-वारा, पाऊस आणि बागाइतदाराची रीत असे सगळेच येते. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी १२व्या शतकापासून क्लो द व्हूजोसारख्या बागा लावल्या, आणि एका उताराची वाइन शेजारच्या उतारापेक्षा निराळी निघते हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या साठत गेला. (हे मठवासी मातीची चव घेऊन पाहत, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती दंतकथाच समजावी.) १३९५ मध्ये बरगंडीच्या ड्यूकने गामे हे भरघोस पिकणारे वाण उपटून टाकण्याचा हुकूम काढला, कमी पिकणारे पिनो न्वार त्याला हवे होते. पोर्तुगालमध्ये १७५६ साली दोरू खोऱ्यातल्या वाइनच्या प्रदेशाच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि फ्रान्सने १९३५ मध्ये मूळस्थानाच्या नावांना देशव्यापी कायद्याचे संरक्षण दिले. या सगळ्यात चांगली जागा कोणती हे ठरले होते; ती चांगली का, याचे उत्तर मात्र बराच काळ खडकाच्या चवीपाशीच अडकून राहिले.

ते उत्तर बदलले फ्रान्सच्याच बोर्दो भागात. जेरार सेगँ या संशोधकांनी १९६०च्या दशकापासून तिथल्या नामांकित बागांच्या मातीचा अभ्यास केला, तेव्हा खडकाचा प्रकार किंवा खनिजांचे प्रमाण यांपेक्षा पाण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरला. बोर्दोतल्या मेदोकच्या गोटाड जमिनीत पाऊस झटकन निचरून जातो, मुळे खोल जातात आणि मणी रंग धरण्याच्या सुमारास वेलीला बेताची तहान लागते. मग शेंड्याची वाढ थांबते, मणी लहान राहतो आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यासाठी आपल्याकडे जिबरेलिक ॲसिड वापरतात. वाइनवाल्याला नेमके उलटे हवे असते.

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचे, पाने किंचित मलूल होऊ द्यायची आणि मग ताण तोडून फूल आणायचे, हे काटोल-नरखेडकडे रोजच्या बोलण्यातले आहे. भारी काळ्या जमिनीत ताण नीट बसत नाही, ही तक्रारही तिथलीच. संत्र्यात ताण फुलासाठी आणि द्राक्षात तो मण्यासाठी, हा फरक आहेच, पण दोन्हीकडे जमीन पाणी किती धरते आणि कधी सोडते यावरच खेळ चालतो. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही मातीची आपली जुनी नावे मला म्हणूनच फार नेमकी वाटतात. भारी जमिनीपासून हलक्या, उथळ जमिनीपर्यंतची ती उतरंडच आहे.

मात्र भारी जमीन म्हणजे वाईट वाइन, असा सरळ हिशेबही लागत नाही. बोर्दोजवळच्या पोमेरोलमधली पेत्र्युस ही जगातल्या अतिमहाग वाइनांपैकी एक आहे, आणि तिची बाग स्मेक्टाइट या पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीवर उभी आहे. आपल्या कापसाच्या काळ्या मातीत हीच चिकणमाती असते; एप्रिलमध्ये भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या फुगून मिटतात, ते तिच्यामुळेच. फुगलेल्या मातीत पाणी आत झिरपायला अडते आणि धरलेले पाणी ती मुळांना सावकाश देते, म्हणून तिथेही वेलीची चैन होत नाही.

हवामानाचे माप १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिन आणि विंकलर या द्राक्षतज्ज्ञांनी दिले. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात १० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाची बेरीज करायची आणि प्रदेशाला पाचपैकी एका गटात बसवायचे, अशी ती पद्धत. महाराष्ट्रात ती जशीच्या तशी लागू होत नाही, कारण इथे वेल थंडीने झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, असे पिकाचे वर्षच बागाइतदाराने कात्रीने फिरवून घेतले आहे.

नाशिकचा वाइन उद्योग त्या फिरवलेल्या वर्षावर उभा आहे. खाण्याच्या द्राक्षांचे कसब तिथे आधीपासून होते. त्यानंतर सुला या तिथल्या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये आली आणि राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि नागपूर सुमारे ३०० मीटरवर. मणी पिकताना रात्र उबदार राहिली की द्राक्षाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडते आणि लाल वाणांना रंग कमी चढतो. आपल्याकडे नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या गार असतात, पण होळी जवळ आली की ऊन झपाट्याने चढते आणि त्याच सुमारास गारपिटीचीही धास्ती असते. म्हणून इथे कोणी वाइनची बाग लावायचीच म्हटली, तर भारी काळी सोडून निचऱ्याचा मुरमाड उतार शोधावा लागेल आणि छाटणी अशी साधावी लागेल की फेब्रुवारी सरण्याआधी घड उतरतील.