क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड

बुद्धिबळातील वजिराच्या प्याद्याची अभिजात सुरुवात. १.डी४ डी५ २.सी४ ई६ या चालींनी ती ओळखली जाते. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, त्यापुढचा आकडा म्हणजे आडवी; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची. प्रत्येक क्रमांकाला आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; तीन टिंबे म्हणजे फक्त काळ्याची. ‘x’ म्हणजे मारणे, ‘?’ म्हणजे चुकीची चाल, ‘!’ म्हणजे चांगली.) पांढरा सी४ वरचे प्यादे देऊ करतो आणि काळा ते न मारता ई६ ने आपले मधले प्यादे पक्के करतो. याला ‘गॅम्बिट’, म्हणजे पुढच्या फायद्यासाठी प्यादे देऊ करणे, म्हणणे तसे नावापुरतेच, कारण ते प्यादे काळ्याला सहसा पचत नाही. २...डीxसी४ ३.ई३ बी५ ४.ए४ सी६ ५.एxबी५ सीxबी५ झाल्यावर पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येतो आणि ए८ चा हत्ती वाचवताना काळा एक मोहरा गमावतो.

ई६ ची किंमत मोजतो तो सी८ चा उंट. स्वतःच्याच प्याद्यामागे तो कोंडला जातो, आणि काळ्याचे बरेचसे डावपेच त्याला मोकळे करण्यासाठीच असतात. १९२७ साली ब्यूनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यातील जगज्जेतेपदाच्या ३४ डावांपैकी ३२ याच सुरुवातीचे होते. प्रेक्षकांचा कंटाळा समजू शकतो.

नाशिक हे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांचे गाव. २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा त्यांनी जिंकली, तर २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. त्यामुळे इथल्या पालकांना ग्रँडमास्टर हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. स्पर्धेला पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाला मात्र या सुरुवातीतला ‘एलिफंट ट्रॅप’ हा सापळा आधी समजावलेला बरा. ३.घोडा सी३ घोडा एफ६ ४.उंट जी५ घोडा बीडी७ (बी रांगेतला घोडा डी७ वर) ५.सीxडी५ ईxडी५ झाले, की एफ६ चा घोडा वजिरासमोर बांधला गेला आहे, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर जाईल, असे वाटते. डी५ चे प्यादे फुकटात दिसते आणि हात शिवशिवतो.

६.घोडाxडी५? घोडाxडी५! ७.उंटxडी८. वजीर मारल्याच्या आनंदात पांढरा घड्याळ दाबतो, तोच ७...उंट बी४ शह! राजाला हलायला घर नाही, मध्ये घालायला वजिराखेरीज काही नाही. ८.वजीर डी२ उंटxडी२ शह ९.राजाxडी२ राजाxडी८. हिशेब केला तर एका प्याद्याच्या बदल्यात काळ्याचा एक घोडा जास्त, आणि दोन्ही वजीर पटाबाहेर.