टिम्सचा डेटा संशोधनासाठी वापरायचाय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

एम.एड. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: टिम्सच्या डेटासाठी परवानगी कोणाची घ्यायची? बहुतेक कामांसाठी कोणाचीच नाही. टिम्स ही चौथी आणि आठवीच्या मुलांची गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी, १९९५पासून दर ४ वर्षांनी होते. ती घेणारी आयईए ही संस्था सार्वजनिक डेटा आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. पदवीची किंवा नागरिकत्वाची अट नाही. वापराच्या अटी मात्र नीट वाचून घ्या.

विषय ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. टिम्सच्या डेटात भारत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पिसा या वेगळ्या चाचणीत २००९च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते, महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे "महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची गणितातील संपादणूक" हा विषय टिम्सच्या डेटावर उभा राहत नाही. सिंगापूर किंवा इराणसारखा देश घेऊन प्रश्न मांडा.

अर्ज दोन कामांसाठी लागतो. विद्यार्थी किंवा शाळा ओळखता येईल अशी काही माहिती सार्वजनिक फाइलींतून काढलेली असते. ती हवी असेल तर आयईएकडे मर्यादित वापराच्या आवृत्तीसाठी अर्ज करावा लागतो. त्याआधी संशोधनाचा आराखडा, नेमकी कोणती माहिती हवी आणि सार्वजनिक फाइलीवर काम का भागत नाही, डेटा कुठे व कसा सुरक्षित ठेवणार, हे एका पानावर लिहून मार्गदर्शकांना दाखवा. "सखोल अभ्यासासाठी" एवढ्यावर कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

दुसरा अर्ज प्रश्नांसाठी. टिम्सचे प्रश्न मराठीत आणून आपल्या शाळेत चाचणी घ्यायची असेल, तर भाषांतर व वापरासाठी आयईएची लेखी परवानगी घ्या. मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांचं संमतीपत्र आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी हे वेगळंच. मुलं आपल्यासमोर बसणार आहेत, तेव्हा इथे घाई नको.

फाइल उघडताना नावाची सुरुवात बघा: बीएसजी म्हणजे आठवीच्या विद्यार्थ्याची प्रश्नावली, बीसीजी शाळेची, बीटीएम गणित शिक्षकाची. प्रत्येक मूल प्रश्नसंचाचा काही भागच सोडवतं, म्हणून त्याच्या नावावर एक गुण नसून गणिताची ५ संभाव्य मूल्यं (त्याच्या क्षमतेचे ५ अंदाज) असतात. त्यांची सरासरी काढून पुढे जाऊ नका. विश्लेषण पाचही मूल्यांवर वेगवेगळं करा आणि निष्कर्ष शेवटी एकत्र आणा. भारांक (नमुन्यातलं मूल किती मुलांचं प्रतिनिधित्व करतं तो आकडा) लावलेच पाहिजेत, आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, जॅकनाइफ पद्धतीने (नमुन्याचे भाग आळीपाळीने वगळून पुन्हा गणित करून) काढायची. आयईएचं आयडीबी अ‍ॅनालायझर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि हे सगळं करतं. त्यासाठी सोबत एसपीएसएस, एसएएस किंवा आर यांपैकी एक संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर लागतं.

शिक्षकांच्या फाइलीवरून "त्या देशातले शिक्षक असे" म्हणता येत नाही, कारण नमुना विद्यार्थ्यांचा असतो. "इतक्या टक्के विद्यार्थ्यांचे शिक्षक असे" अशीच वाक्यरचना प्रबंधात ठेवा.