फॉर्म सी भरा: गावच्या रानाचा सामूहिक वनहक्क दावा कुठे अडकतो

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणात वनहक्क म्हटलं की लोक फॉर्म ए भरून मोकळे होतात, आपलं घर नि आपली काजूची बाग एवढंच. पण 2006 च्या कायद्यात फॉर्म सी पण आहे, तो अख्ख्या गावाचा. गावानं जे रान पिढ्यानपिढ्या वापरलं, राखलं, त्याची राखण नि व्यवस्थापन करायचा हक्क त्यातून ग्रामसभेला मिळतो, आणि रान अभयारण्यात असलं तरी मिळतो. म्हादई, नेत्रावळी 1999 ला अभयारण्यं झाली म्हणून तुमचं आता काही उरलं नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

गावडा, कुणबी, वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातींच्या (एसटी) यादीत आहेत, त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून रानावर अवलंबून असल्याचं दाखवलं की झालं. धनगर यादीत नाहीत, त्यांना त्याच तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं दाखवावी लागतात, आणि इथेच सगळं अडतं, कारण 1930 चा पोर्तुगीज काळातला कागद धनगरवाड्यावर कोणाकडे असणार? पण 75 वर्षं त्या भागात राहिल्याची दाखवायची असतात, तोच तुकडा कसल्याची नाही. नियम 13 प्रमाणे वंशावळ, जुनी विहीर, दफनाची जागा, वयस्कर माणसाचा लिहून घेतलेला जबाब हे सगळं पुरावा म्हणून चालतं. कमीत कमी दोन पुरावे लावा. जबाब मात्र दावेदाराचा स्वतःचा नको, लोक घरच्या आजोबांचाच घेतात आणि दावेदारांच्या यादीत पण त्यांचंच नाव असतं, मग फाईल परत.

फॉर्म सीला तर वन-फोर्टीनच्या (गोव्यातला सातबारा) उताऱ्यापेक्षा गावाची माहिती जास्त कामाला येते. गुरं कुठे चरतात, भिरंडा (कोकम) कुठून आणतात, पाण्याची झर कुठली, देवाची राय कुठे. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे तशी तुमच्याकडे असेल तर ती नकाशात दाखवाच. शेजारच्या गावांची नावं पण लिहायची असतात, म्हणून हद्द फिरताना त्यांना आधीच बोलवा, नंतर भांडण नको.

ग्रामसभेत निम्मे सभासद, निम्मे दावेदार आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. काजूच्या दिवसांत बैठक ठेवली तर कोरम होणारच नाही. हजेरीच्या वहीवर सह्या पूर्ण झाल्याशिवाय उठू नका, प्लीज.

फी नाही. शेवटची तारीख गेली म्हणतात, तशी तारीख कायद्यातच नाही. मुदत असते ती अपिलाला, नकार तुमच्यापर्यंत पोचल्यापासून 60 दिवस. नकाराचं कारण लेखी देणं नकार देणाऱ्यांवर बंधनकारक आहे, तोंडी सांगून परत पाठवलं तर लेखी मागा, त्याशिवाय अपील करणार कशावर? आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला तिथून हलवता येत नाही, हे घाबरलेल्या म्हाताऱ्यांना आवर्जून सांगा.

हक्क मिळाला की ग्रामसभेनं समिती नेमून रानाचा आराखडा करायचा, वणवा, चराई, तोड सगळं त्यात, आणि वन खात्यानं तो आपल्या आराखड्यात घ्यायचा असतो.