ट्रेडीगर : पाउंडामागे तीन पेनींची गोष्ट

देव आनंदचा १९७१ चा 'तेरे मेरे सपने' आठवतोय का, ज्यात तो तरुण डॉक्टर म्हणून खाणीच्या गावात जातो? त्याचं मूळ ए. जे. क्रोनिनच्या 'द सिटाडेल' या १९३७ च्या कादंबरीत आहे, आणि क्रोनिन स्वतः १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला साऊथ वेल्समधल्या ट्रेडीगर नावाच्या गावात डॉक्टर होता. एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, विषय निघाला की या गावाचं नाव हमखास येतं, पण ते का येतं हे फारसं कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

साऊथ वेल्सची खोरी म्हणजे अरुंद आणि लांबट, तळाशी नदी, दोन्ही बाजूंना डोंगर आणि उतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा. ट्रेडीगर सिरहावी नदीच्या खोऱ्यात, पार वरच्या टोकाला. इथे लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी सगळंच हाताशी, त्यामुळे १८०० साली सॅम्युअल होमफ्रे आणि मंडळींनी मॉर्गन घराण्याकडून जमीन लीजवर घेऊन कारखाना काढला. हा होमफ्रे म्हणजे तोच, ज्याच्या पेनिडॅरनच्या कारखान्यात १८०४ साली इंजिनिअर ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन रुळांवरून धावलं. गावाचं नावसुद्धा गावाचं स्वतःचं नाही बरं का, जमीनदार मॉर्गनांचा न्यूपोर्टजवळ जो वाडा होता त्याचं नाव ट्रेडीगर हाऊस, तेच इथे चिकटलं. काम कंपनीचं, घर कंपनीचं, दुकानही कंपनीचं.

माणसं भराभर आली, पण पाणी आणि गटारं त्या वेगाने कुठून येणार? कॉलरा १८३२ ला आला, १८४९ ला परत आला. मेलेल्यांना गावाच्या नेहमीच्या दफनभूमीत पुरायला लोक घाबरायचे म्हणून वर केव्हन गोलायच्या उघड्या माळावर वेगळी जागा केली, तिथले थडग्यांचे दगड आजही वाऱ्यात कलून उभे आहेत.

गावाची दाखवायची खूण मात्र घड्याळ. मधल्या गोल चौकात, ज्याला सर्कल म्हणतात, ७२ फूट उंच ओतीव लोखंडाचा टॉवर, १८५८ चा. आणि बेडवेल्टी पार्कमध्ये कोळशाचा एक अख्खा ठोकळा ठेवलाय, १५ टनांचा! १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी कापला होता, पण वाटेत फुटेल या भीतीने पाठवलाच नाही, मग बसला तिथेच. मला हा ठोकळा घड्याळापेक्षा जास्त आवडतो.

आता मुख्य मुद्दा. खाणीत हात-पाय मोडणं, फुप्फुसात धूळ बसणं हे रोजचंच, आणि डॉक्टरची फी परवडायची नाही. कामगारांनी छोटे छोटे मदतनिधी काढले होते, ते एकत्र येऊन १८९० मध्ये ट्रेडीगर मेडिकल एड सोसायटी झाली. पद्धत साधी, पगाराच्या दर पाउंडामागे तीन पेनी कापायच्या. तेव्हाच्या पाउंडात २४० पेनी, म्हणजे आपल्या हिशोबात शंभर रुपये पगाराला सव्वा रुपया. त्यात घरच्या सगळ्यांना डॉक्टर, औषधं, नर्स, दातांचं काम, चष्मा, गरज पडली तर हॉस्पिटल. डॉक्टर नोकरीला ठेवायची ती कामगारांचीच कमिटी, म्हणजे जो रोज जमिनीखाली कोळसा फोडतो तोच डॉक्टरची नेमणूक करतो, हे बऱ्याच डॉक्टरांना अजिबात रुचायचं नाही आणि क्रोनिनच्या कादंबरीतही त्याची कुरकुर आहेच.

याच गावात १८९७ साली अनायरिन बेव्हनचा जन्म, दहा भावंडांतला एक. तेराव्या वर्षी खाणीत गेला, खाणीचं नाव टी-ट्रिस्ट, वेल्शमध्ये अर्थ 'दुःखी घर', याहून नेमकं नाव कुणाला सुचलं असतं का माहीत नाही. बोलताना अडखळायचा, आणि अडणारा शब्द टाळून दुसरा शब्द टाकायचा, त्यासाठी शब्द तर भरपूर हवेत, ते त्याला वर्कमेन्स इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीने दिले, आणि ती लायब्ररीही कामगारांच्याच पैशातून चाललेली. १९२५ मध्ये वडील खाणीच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन त्याच्या हातांत गेले, भरपाई एक पैसा नाही, कारण कायद्याच्या यादीत तो आजारच नव्हता. पुढे तो इथल्या हॉस्पिटलच्या कमिटीवर होता, १९२९ ला खासदार झाला, १९४५ ला आरोग्यमंत्री, आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू. 'आम्ही तुम्हा सगळ्यांचं ट्रेडीगर करणार आहोत' अशा अर्थाचं त्याचं वाक्य सांगतात.

एक गोष्ट मात्र घड्याळाच्या फोटोंसोबत कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९११ मध्ये याच गावात ज्यूंच्या दुकानांवर हल्ले झाले, लुटालूट झाली, लोण शेजारच्या खोऱ्यांत पसरलं आणि शेवटी लष्कर आणावं लागलं. एकमेकांच्या औषधपाण्यासाठी पगार कापून देणारं गाव आणि ते गाव, दोन्ही एकच. माझ्या मते इतिहास सांगायचा तर हेही सांगावंच लागतं.

टी-ट्रिस्ट १९५९ ला बंद झाली, बेव्हन १९६० मध्ये गेला. खाणी हळूहळू मिटल्या तरी खोकणारी म्हातारी माणसं होतीच, आणि या खोऱ्यांत प्रॅक्टिस करायला ब्रिटिश डॉक्टर फारसे तयार नसायचे. मग साठ-सत्तरच्या दशकात ते दवाखाने चालवले भारतातून, पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी. म्हणजे तिकडे पडद्यावर देव आनंद खाणीच्या गावात जात होता तेव्हा आपली खरीखुरी माणसं गळ्यात स्टेथोस्कोप घालून त्याच वेल्श चढांवरून घरोघर व्हिजिटला जात होती.